फोटो काढणारा कुठे उभा होता?

कराडला मामांचा फोटो स्टुडिओ होता. डार्करूमच्या दाराला आतल्या बाजूने एक पोस्टर चिकटवलेलं होतं. भर रस्त्यात चुंबन घेणारं जोडपं, आजूबाजूने जाणारी माणसं आणि मागे धूसर दिसणारी एक भव्य इमारत. मामी दुकानात आल्या की ते दार पुरतं उघडायचं नाही, हा नियम. आम्ही भाचरं प्रिंट काढताना बघायच्या निमित्ताने आत घुसायचो आणि लाल दिव्यात ते पोस्टर बघून खिदळायचो. मामांना त्या जोडप्यात काडीचा रस नव्हता. ते म्हणायचे, "ते दोघं सोडा. फोटो काढणारा कुठं बसलाय ते सांगा." बसलाय हे त्यांनी आधीच ताडलेलं होतं, कारण फोटोच्या पुढच्या बाजूला खुर्चीत बसलेल्या कुणाचा तरी पाठमोरा खांदा आहे.

स्टुडिओ बंद होऊन आता दहा वर्षं झाली. यंदा जुलैत ऑफिसच्या कामाने मला तीन आठवडे पॅरिसला राहायचं होतं. शेवटी आठवडाभर रजा टाकली आणि मामांना फोन केला, "या." वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पहिला पासपोर्ट काढला. त्यावरचा स्वतःचा फोटो बघून म्हणाले, "हनुवटीखाली सावली ठेवलीय गाढवानं." मामींचे गुडघे विमानाला तयार नव्हते, म्हणून त्या घरीच राहिल्या आणि त्यांच्या वाटणीचे धपाटे मामांच्या बॅगेत आले.

बॅगेत आणखी एक फाइल होती. सहा फोटो, प्रत्येक फोटो पारदर्शक प्लास्टिकवर छापलेला. पूर्वी कॉलेजात ओव्हरहेड प्रोजेक्टरवर ठेवायचे तसली शीट. मामांची रीत अशी: जागेवर जायचं, शीट हात लांब करून डोळ्यासमोर धरायची, एक डोळा मिटायचा आणि पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकत राहायचं. फोटोत जवळच्या भिंतीची कड आणि लांबचं धुराडं एका रेषेत आलं असेल, तर प्रत्यक्षातही ते तसंच आलं पाहिजे. अशी एक जोडी सापडली की एक रेषा मिळते. दुसरी जोडी सापडली की दुसरी रेषा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे फोटो काढणाऱ्याचे पाय. गंमत अशी की फोटो समोरचं सगळं दाखवतो, फक्त ही एक जागा दाखवत नाही.

दिवस पहिला

सुरुवात सगळ्यात अवघड जागेने केली, कारण मामांना जेट लॅगमुळे पहाटे तीनलाच जाग आली होती आणि ते बूट घालून बसले होते.

प्लास द ला रेप्युब्लिक हा मोठा चौक. मधोमध प्रजासत्ताकाच्या देवीचा पुतळा, कडेने झाडं, स्केटबोर्डवरची पोरं. इथून बुलवार द्यु ताँप्ल हा रस्ता निघतो. १८३८ साली लुई दागेरने आपल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावरून या रस्त्याचा फोटो घेतला. माणूस दिसतो असा आपल्याला माहीत असलेला हा पहिला फोटो. सकाळची वेळ, रस्ता गजबजलेला असणार, पण फोटोत तो ओस पडलेला. प्रकाश आत घ्यायला काही मिनिटं लागत, तेवढ्यात गाड्या, घोडे, माणसं सगळी पुसली गेली. उरला तो एकच जण: फुटपाथच्या कडेला एक पाय वर ठेवून बूट पॉलिश करून घेणारा. तो उभा राहिला म्हणून उरला. पॉलिशवाल्याची नुसती धूसर आकृती आहे, कारण त्याचे हात चालू होते.

तारायंत्रवाला सॅम्युएल मोर्स तेव्हा पॅरिसमध्ये होता. मार्च १८३९मध्ये त्याने दागेरकडे धातूच्या पत्र्यांवरचे हे फोटो पाहिले आणि घरच्यांना पत्रात या गृहस्थाचं वर्णन लिहून पाठवलं. दुसऱ्या दिवशी दागेर मोर्सचं यंत्र बघायला गेला आणि तो तिकडे असतानाच त्याचा दिओरामा जळून खाक झाला. दिओरामा म्हणजे प्रचंड मोठ्या रंगवलेल्या पडद्यांवर उजेडाचे खेळ करून दाखवायचं नाट्यगृह. त्याच इमारतीत त्याची राहती जागा आणि प्रयोगशाळा. म्हणजे ज्या खिडकीतून फोटो घेतला, ती फोटोनंतर वर्षभरही टिकली नाही.

आज तिथे लष्करी बराक आहे, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बांधलेली. आत सोडण्याचा प्रश्नच नव्हता. दारावरच्या शिपायाने मामांच्या हातातली शीट पाहिली, मामांना पाहिलं, आणि हाताने "पुढे चला" अशी खूण केली. रस्ताही तो राहिलेला नाही. १८६०च्या दशकात हा चौक वाढवताना रस्त्याचा मोठा तुकडा आणि त्यावरची नाट्यगृहं पाडली. त्या नाट्यगृहांत इतके खून-दरोड्यांचे खेळ व्हायचे, की लोक या रस्त्याला गुन्ह्यांचा रस्ताच म्हणायचे. खरा गुन्हाही झाला होता. फोटोच्या तीनच वर्षं आधी, २८ जुलै १८३५ला, याच रस्त्यावरच्या पन्नास नंबरच्या घरातून पंचवीस नळ्यांची एक बंदूक राजा लुई-फिलिपवर एकदम झाडली गेली. राजा वाचला, अठरा माणसं गेली.

मामांनी शीट धरली. झाडं आडवी, बस आडवी. "रस्ता उलटा वळतोय," ते म्हणाले. मग स्वतःच हसले आणि शीट पालथी करून धरली. दागेरोटाइपमध्ये, म्हणजे दागेरच्या पद्धतीने पत्र्यावर घेतलेल्या फोटोत, आरशासारखी डावी-उजवी बाजू बदलते, हे ते क्षणभर विसरले होते. पालथ्या शीटमधून रस्ता जरा ओळखीचा वाटायला लागला, पण जुळवायला काही नव्हतंच. बराकीच्या छपराकडे बघत ते म्हणाले, "पाय हवेत आहेत ह्याचे." आणि समोरच्या कॅफेत बसून त्यांनी बूट काढले. इथे बूट पॉलिशवाला मिळतो का, हे त्यांनी मला तीनदा विचारायला लावलं. नाही मिळाला.

दिवस दुसरा

आज पोस्टरची जागा.

रोबेर द्वानोने १९५०मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकासाठी पॅरिसच्या प्रेमिकांचे फोटो घेतले, त्यातला हा एक. मागची धूसर इमारत म्हणजे ओतेल द व्हिल, पॅरिसची महापालिका. ही शोधायला कसलं डोकं लागत नाही, मेट्रोचं स्टेशनच त्या नावाचं आहे. रीव्होली रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभं राहायचं आणि समोर बघायचं. आम्ही दहाच मिनिटांत छपराचा कोपरा आणि फुटपाथ बऱ्यापैकी जुळवला. खुर्ची मात्र सापडली नाही. द्वानो ज्या कॅफेच्या खुर्चीतून बघत होता, तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलेली होती, निदान आमच्या हिशेबाने तरी. रस्त्यावर मोटारी कमी आणि सायकलींचा लोंढा. एक डोळा मिटून मागे सरकणाऱ्या माणसाचं सायकलवाल्यांना मुळीच कौतुक नसतं. मामांनी तीन घंट्या आणि एक फ्रेंच शिवी खाल्ली.

जोडप्याची गोष्ट मी त्यांना तिथेच सांगितली, आधी मुद्दाम सांगितली नव्हती. हा फोटो १९८६मध्ये पोस्टर झाला आणि जगभर गेला. मग "ते आम्हीच" म्हणणारी माणसं पुढे यायला लागली. एक जोडपं तर कोर्टात गेलं. तेव्हा द्वानोला सांगावं लागलं, की फोटोतली दोघं नाटकाचं शिक्षण घेणारी मुलं होती. खरोखरची प्रेमिक होती, पण त्यांना त्याने हेरून, विचारून, या ठिकाणी आणून चुंबन घ्यायला लावलं होतं. त्यातल्या मुलीला त्याने तेव्हा एक प्रिंट दिली होती. २००५मध्ये तिने ती लिलावात विकली, १,५५,००० युरोंना.

मला वाटलं मामांना वाईट वाटेल. इतकी वर्षं दारामागे जपलेलं पोस्टर. ते म्हणाले, "मग? लग्नात मी काय करत होतो? हार घालताना फ्लॅश उडाला नाही की परत घालायला लावायचो. एका नवऱ्याला मी चारदा हार घालायला लावलाय. बायको तीच होती ना?"

"पण मामा, लोकांना वाटलं रस्त्यात सहज दिसलं आणि टिपलं."

"लोकांना वाटू दे. त्यानं खुर्ची निवडली. तो पुढचा खांदा ठेवला. तो खांदा काढ आणि बघ, काय उरतं."

मी नंतर हॉटेलवर खरंच अंगठ्याने खांदा झाकून पाहिला. फोटो एकदम जाहिरातीसारखा दिसायला लागला.

दिवस तिसरा

साँ-लाझार स्टेशनाच्या मागे गेलो आणि अख्खा दिवस तिथेच गेला.

आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२चा फोटो. पाण्याचं एक मोठं थारोळं, त्यात आडवी पडलेली शिडी, आणि शिडीवरून उडी मारून हवेत असलेला टोपीवाला माणूस. टाच पाण्याला टेकायला केसाचं अंतर, खाली त्याचंच प्रतिबिंब. मागच्या भिंतीवर जाहिरातीच्या भित्तिचित्रांत एक नर्तकी अशीच झेपावलेली, उलट्या दिशेला. "निर्णायक क्षण" हे शब्द या माणसाला कायमचे चिकटले आणि उदाहरण द्यायचं झालं की हाच फोटो पुढे येतो. मामांच्या पिढीतल्या स्टुडिओवाल्यांना तो वेगळ्या कारणाने माहीत. हाच माणूस १९४८च्या जानेवारीत दिल्लीत होता. तीस तारखेला दुपारी तो गांधीजींना भेटला, संध्याकाळी ते गेले, आणि अंत्ययात्रेचे फोटो त्याने घेतले. त्या फोटोंची मासिकातली पानं मामांच्या वडिलांनी कापून ठेवली होती.

मेट्रोचं स्टेशन आहे युरोप. वर आलं की प्लास द ल'युरोप. हा चौक म्हणजे खरं तर एक पूल आहे, खालून रुळांची मोठी मोळी जाते. चौकात येणाऱ्या रस्त्यांना लंडन, व्हिएन्ना, माद्रिद, कॉन्स्टँटिनोपल अशी शहरांची नावं. एक रस्ता बर्लिनचा होता, पहिलं महायुद्ध सुरू झालं तशी त्याला बेल्जियमच्या लिएजचं नाव दिलं. पुलावर उभं राहिलं की स्टेशनाची छपरं दिसतात, गाड्या सावकाश आत-बाहेर करत असतात. हाच पूल आणि हेच स्टेशन काइबोत आणि मोने या चित्रकारांनी फोटोच्या पन्नासेक वर्षं आधी रंगवलं. इतक्या कसबी माणसांनी ही एवढीशी जागा का धरली असेल, असं मी म्हटलं. मामांनी वर पाहिलं. "उजेड बघ की. मध्ये इमारतच नाही. एवढ्या दाट गावात मोकळं आभाळ इथंच आहे." खरंच होतं. रुळांवर पांढरा, सारखा, सावली नसलेला उजेड पडला होता. मामा ज्याला "पावसाळी उजेड, चेहऱ्याला बरा" म्हणायचे, तो.

पण पाण्याचं थारोळं, ते कुठे? पुलाच्या आसपास, स्टेशनाच्या मागच्या बाजूला, एवढं नक्की. तिथे तेव्हा काम चालू होतं आणि फळ्यांचं कुंपण होतं. कार्तिए-ब्रेसाँने फळ्यांच्या फटीतून कॅमेऱ्याची लेन्स आत सरकवली. फट एवढी अरुंद, की लेन्स जाई, डोळा लावता येईना. म्हणजे ज्या फोटोवर नेमकी वेळ साधण्याची पोथी लिहिली गेली, तो त्याने जवळजवळ आंधळेपणाने घेतला. निगेटिव्हच्या डाव्या बाजूला फळी आली होती, ती कापावी लागली. एरवी हा माणूस फोटोची कड कापू द्यायचा नाही, आणि सगळ्यात गाजलेला फोटो मात्र कापलेला.

हे मी वाचलेलं मामांना सांगत होते तेव्हा ते पुलाच्या कठड्यावरच्या जाळीशी खटपट करत होते. फोन जाळीला लावला की जाळीच फोकसमध्ये येई, रूळ धूसर. मग त्यांनी फोनचा लेन्सकडचा कोपरा जाळीच्या भोकाशी नेमका टेकवला. आता रूळ स्वच्छ येणार, पण फोन असा तिरका आणि उंच धरायला लागला की स्क्रीन त्यांना दिसेना.

"काय येतंय सांग."

"मलाही दिसत नाही, मामा."

"मग दाबत राहतो."

एकतीस फोटो. मध्ये एकदा फोन हातातून निसटला, मी खालून झेलला म्हणून रुळांवर गेला नाही. तीस फोटोंत जाळी, आभाळ किंवा मामांचा अंगठा. एकात खाली गाडीचा शेवटचा डबा निघून चाललेला, आणि रुळांच्या कडेला नारिंगी जाकीट घातलेला कामगार एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत असलेला. उडी वगैरे नाही, साधं पाऊल. मामांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. कामगाराचा मागचा पाय अजून उचललेला नव्हता. "अर्धा सेकंद लवकर दाबलं," ते म्हणाले. मग म्हणाले, "दिसत नव्हतं ना."

दुपारी पुलाखालच्या बाजूने, स्टेशनाच्या कडेकडेने फिरलो. भिंती, कुलपं, तारा. शीट काढून उपयोग नव्हता, जुळवायला एकही कड शिल्लक नाही. थारोळं तेव्हाच आटलं असणार, फळ्या कुणीतरी जाळल्या असणार. जमिनीवरची जागा सापडली नाही. पण मला वाटतं, सकाळी जाळीशी उभं राहून आम्ही त्या फटीच्या सगळ्यात जवळ गेलो होतो. मामांचं मत विचारलं तर ते म्हणाले, भूक लागलीय.

दिवस चौथा

मामांचे पाय सुजले. सकाळ हॉटेलात, बादलीत मीठ-पाणी. हॉटेलात बादली मागितली तेव्हा समोरच्या मुलीचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी कचऱ्याची टोपली धुऊन वापरली.

दुपारी मोंपार्नासला गेलो, कारण पुढची गाडी तिथून होती, आणि तिथलाही एक फोटो मामांच्या फाइलमध्ये होता. स्टेशनाची भिंत फोडून बाहेर आलेलं आणि खाली रस्त्यावर नाकावर उभं राहिलेलं इंजिन. तो फोटो सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला असतो. २२ ऑक्टोबर १८९५. ग्रँव्हिलहून येणारी गाडी वेळ भरून काढायच्या नादात जोरात आत आली, ब्रेक लागला नाही, फलाट संपवून पलीकडची भिंत फोडून इंजिन दहा मीटर खाली पडलं. गाडीतलं कुणी मेलं नाही. मेली ती खाली वर्तमानपत्रं विकणारी बाई. नवरा संध्याकाळचे अंक आणायला गेला होता म्हणून ती त्याच्या जागी होती. ड्रायव्हरला पन्नास फ्रँक दंड झाला. ते जुनं स्टेशन पाडलेलं आहे, तिथे आता तो काळा टॉवर आणि दुकानं. फोटोग्राफर समोरच्या चौकात उभा होता. आम्हीही राहिलो. इंजिनाच्या जागी कपड्यांच्या सेलची पाटी. या फोटोचा विनोदी पोस्टर म्हणून वापर होतो, मीही हसलेय. मामांनी फोटोच्या खालच्या भागात बोट ठेवून विचारलं, "बाई कुठं होती?" मला सांगता आलं नाही.

मग त्याच रुळांवरून मदाँ या पॅरिसशेजारच्या गावाला. आंद्रे केर्तेसचा १९२८चा फोटो. खाली येणारी एक गल्ली, गल्लीच्या तोंडावर उंचच उंच कमानींचा रेल्वे पूल, पुलावरून धूर सोडत चाललेली गाडी, आणि पुढे हॅट घातलेला एक माणूस, काखेत कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. काय आहे त्या कागदात? माणूस, गाडी आणि पार्सल यांचा एकमेकांशी संबंध काय? काहीच नाही, पण बघणाऱ्याला सुचत राहतं. आपली गाडी त्याच पुलावरून जाते, तेव्हा पूल दिसत नाही, नुसती खाली गेलेली घरं दिसतात. उतरून दरीत चालत जावं लागतं.

इथे पाय सापडले! घरं पुष्कळ बदललीत, पण पूल एकोणिसाव्या शतकातला, जिथल्या तिथे. कमानी शीटवर अशा बसल्या की मी अक्षरशः ओरडले. मामा डाव्या फुटपाथवर दोन पावलं मागे, मग अर्धं पाऊल खाली, आणि "बास". एक कमान आणि एका घराची कड एका रेषेत, दुसरी कमान आणि उतारावरची भिंत एका रेषेत. मामा जिथे थांबले तिथे गटाराचं झाकण होतं. केर्तेस बुडापेस्टहून आलेला, तीन वर्षांपूर्वीच पॅरिसला पोचलेला परका माणूस, याच ठिकाणी एकदा नाही तर पुन्हा आला होता. आधीच्या एका निगेटिव्हवर गल्ली तीच आहे, पण गाडी नाही.

गाड्या आता दर दहा-पंधरा मिनिटांनी जातात, धूर नाही. मामांनी मला फर्मावलं, "पलीकडनं चालत ये. काखेत काहीतरी घेऊन." बेकरीतून पाव आणलेला होता, तो कागदासकट काखेत मारला आणि चालायला लागले. पहिल्यांदा गाडी चुकली. दुसऱ्यांदा गाडी आली तर मी हसले. तिसऱ्यांदा गाडी आली, मी गंभीर, आणि मध्येच एक आजीबाई कुत्रं घेऊन आल्या आणि मामांच्या समोर थांबल्या. त्यांना शीट बघायची होती. त्यांनी पाहिली, बोटाने पूल दाखवला, पुढे बरंच काही बोलल्या. कुत्र्याने पावाचा वास घेतला. चौथ्यांदा जमलं. तो फोटो आता मामांच्या फोनच्या वॉलपेपरवर आहे. माझे डोळे मिटलेले आहेत त्यात. "डोळ्यांचं काय, गाडी बघ," असं त्यांचं म्हणणं.

दिवस पाचवा

शालाँ-सुर-सोनला जायचं होतं. दिजाँला बदलायची गाडी रद्द झाली, दोन तास फलाटावर. धपाटे संपले.

शालाँ हे फोटोग्राफीचा शोध लावणाऱ्या निसेफोर न्येप्सचं गाव, त्याचा जन्म १७६५चा. गावात पुतळा आहे आणि नदीकाठी त्याच्या नावाचं संग्रहालय. आत त्याचे लाकडी कॅमेरे आहेत. पेट्याच त्या, घरच्या सुताराने केल्यासारख्या. मामा काचेला नाक लावून सांधे बघत राहिले. न्येप्स हा फक्त फोटोपुरता माणूस नव्हता. भाऊ क्लोदबरोबर त्याने १८०७मध्ये आतल्या आत स्फोट होऊन चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं होतं, एका वनस्पतीची भुकटी जाळून नदीत होडी चालवली होती. पैसा मात्र कशातच मिळाला नाही.

दिवस सहावा

शालाँच्या दक्षिणेला सात किलोमीटरवर साँ-लू-द-व्हारेन. रस्त्याच्या कडेला मोठा दगड उभा केलाय: या गावात न्येप्सने १८२२ साली फोटोग्राफीचा शोध लावला. बाजूने ट्रक जात असतात. टॅक्सीवाल्याने गाडी हळू केली, थांबवली नाही.

घराचं नाव ल ग्रा. खासगी घर आहे, उन्हाळ्यात लोकांना दाखवतात. १८२६-२७च्या सुमारास या घराच्या वरच्या मजल्याच्या खिडकीतून न्येप्सने कथलाच्या पत्र्यावर जे चित्र उमटवलं, तो आज उरलेला सगळ्यात जुना कॅमेऱ्यातला फोटो. पत्रा साधारण वहीच्या पानाएवढा. त्यावर लव्हेंडरच्या तेलात विरघळवलेलं डांबर लावायचं. उजेड पडेल तिथे डांबर घट्ट होतं, बाकीचं तेलाने धुऊन निघतं. मामांना हे एका वाक्यात कळलं. त्यांनी ऑफसेट छपाईच्या प्लेटा बनताना पाहिल्या होत्या, तत्त्व तेच.

चित्र काय आहे? डावीकडे कबुतरखान्याचा मनोरा, मध्ये कोठाराचं उतरतं छप्पर, एक नाशपातीचं झाड, पलीकडे भटारखान्याचं धुराडं. सगळं डागाळलेलं, कोळशाने चोळल्यासारखं. ऊन दोन्ही बाजूंच्या भिंतींवर पडलेलं आहे, सकाळचंही आणि दुपारनंतरचंही. त्यावरून पूर्वी लोक आठ तास म्हणायचे. अलीकडे त्याच पद्धतीने प्रयोग करून पाहिले तर काही दिवस लागतात असं दिसलं. मामांनी स्टुडिओत आयुष्यभर "हलू नका" म्हणत काढलं. इथे सूर्य हलला तरी चाललं.

पत्रा इथे नाही. न्येप्स १८२७मध्ये आजारी भावाला बघायला इंग्लंडला गेला, तिथल्या रॉयल सोसायटीपुढे आपलं काम मांडायला पाहत होता. कृती सांगायला तयार नव्हता म्हणून त्यांनी घेतलं नाही. पत्रा एका स्नेह्याकडे ठेवून तो परतला. दोन वर्षांनी दागेरशी भागीदारी केली आणि १८३३मध्ये वारला. सहा वर्षांनी सगळ्या जगात नाव झालं ते दागेरचं. पत्रा हरवला, १९५२मध्ये इंग्लंडमध्ये एका ट्रंकेत सापडला, आणि आता टेक्सासात ऑस्टिनच्या विद्यापीठात आहे. जागा इथे, फोटो अटलांटिकपलीकडे.

जिना चढून वर गेलो. लाकडी फरशी, रिकामी खोली, खिडकी. बाहेर हिरवळ. कोठार नाही, भटारखाना नाही, नाशपातीही नाही. मामांनी शीट धरली, एक डोळा मिटला. डावीकडे गेले, उजवीकडे गेले. काहीच बसेना. घर दाखवणाऱ्या बाई हे रोज बघत असाव्यात. त्यांनी थोडं थांबू दिलं आणि मग सांगितलं, की ही खिडकी तेव्हा होती तिथे नाही. नंतरच्या बदलांत ती बाजूला सरकली. घराचा अभ्यास करणाऱ्यांनी चित्रातल्या रेषांवरून हिशेब काढला आणि जुनी जागा शोधली. त्यांनी भिंतीकडे हात केला.

मी भाषांतर करून सांगितलं. मामांनी शीट खाली घेतली, दोन पावलं त्या बाजूला टाकली आणि थांबले, कारण पुढे भिंत होती. गुळगुळीत गिलावा. त्यांनी खांदा भिंतीला टेकवला, मग डोकंही, आणि शीट पुन्हा डोळ्यासमोर धरली. त्यांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर भिंत, आणि मध्ये शीटवरचं कोठाराचं छप्पर.

"बसतंय का, मामा?"

"थांब जरा," ते म्हणाले. "हलवू नकोस मला."

खालून पुढच्या गटाची पावलं जिन्यावर वाजायला लागली होती. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत.